सात वाजताचा वाघ

भिमाजी खोब्रागडेला कंपनीत कुणी भिमाजी म्हणून हाक मारली असती, तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. सुपरवायझरपासून कँटीनमध्ये कपबशा विसळणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव एकच, ताडोबा. त्याची बायको कस्तुरा आकुर्डीच्या चाळीत नळावर गेली की बायका ओरडायच्या, "सरका गं, वाघीण आली!" तीही अशी, की रिकामी घागर पुढे रेटत म्हणायची, "आली ना! मग नंबर सोडा जी."

हे नाव त्याला पहिल्याच दिवशी चिकटलं. साल पासष्ट. आकुर्डी-चिंचवडच्या माळावर नुकत्या कुठे कंपन्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या, आणि भरतीच्या रांगेत गावोगावची पोरं होती. जेवणाच्या सुट्टीत मोशीचा दौलतराव त्याच्या समोर येऊन बसला. दौलतराव म्हणजे आसपासच्या पाच गावांतल्या भानगडींचं चालतंबोलतं गॅझेट. नवा माणूस दिसला की त्याचं गाव, जात, लग्न आणि खोड्या जेवण संपायच्या आत काढून घेणार.

"कुठला रं तू?"

"चांद्याचा."

"चांद्याला काय असतंया?"

आता चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, काय नसतं? कोळशाच्या खाणी असतात, किल्ल्याचा कोट असतो, अंगाची लाही करणारं ऊन असतं. पण भिमाजीला घर सोडून तीनच दिवस झाले होते. तोंडातला घास फिरत होता. त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "वाघ."

टेबलावरच्या आठही जणांनी हात थांबवले. मग त्याने सांगितलं. आपलं गाव ताडोब्याच्या जंगलाला लागून, मोहर्लीच्या अलीकडे, पंचवीस घरांचं. बाप जंगलात जाळरेषा कापायला जायचा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचा. एका उन्हाळ्यात तो दोन्ही पोरांना घेऊन तळ्यावर गेला होता. तिघं गवतात पालथे पडले आणि समोरून वाघ पाण्यावर आला.

"मंग?"

"मंग काय. पाणी पेला अन् गेला."

एवढीच होती गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलाने ती पुन्हा मागितली, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खात्याने. आणि मागणी आली की माल वाढवावा लागतो. अडुसष्ट साली वाघ गोऱ्ह्याएवढा होता. बहात्तरपर्यंत तो चांगला बैल झाला. पंच्याहत्तरच्या सुमारास त्याने डरकाळी फोडायला सुरुवात केली, आणि त्या डरकाळीने तळ्याचं पाणी थरथरू लागलं. दौलतराव तर म्हणायचा, "आरं, यंदा त्याची शेपटी कँटीनच्या दारापासनं मोरीपर्यंत आली. पुढच्या वर्षी कंपनीला भिंत पाडाया लागंल!" लोक हसायचे. पण गोष्ट ऐकताना त्यांच्या ताटातली आमटी निवून जायची, हेही खरं.

भिमाजी भट्टीवर होता. लोखंडाचे सुटे भाग तापवून कणखर करायची ती भट्टी रात्रंदिवस चालायची. तिथल्या तीन पाळ्यांपैकी थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात, कुणालाच नको असायची. भिमाजी ती मागून घ्यायचा, आणि पाळीपाळीने रात्री येणारे जेवणाच्या सुट्टीत त्याचा वाघ ऐकून जायचे. पहिल्यापहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, याचं बायकोशी पटत नाही. दौलतरावने तर चाळीत जाऊन चौकशीही करून पाहिली. कस्तुराने त्याला चहा पाजला आणि वर सांगितलं, "पटते जी. दिवसा पटते." दौलतराव कानाच्या पाळ्या लाल करून परतला.

खरं कारण वेगळं होतं. कंपनीच्या मागे निगडीकडे तेव्हा नुसता माळ होता, आणि त्या माळावर कोल्हे होते. भट्टीत माल भरला की पंधरा मिनिटं मोकळी मिळायची. भिमाजी मागच्या दाराशी उभा राहायचा आणि कोल्हेकुई ऐकायचा. ती त्याच्या गावची नव्हती, पण गावच्या भाषेत होती. पुढे नव्या वसाहतीसाठी प्राधिकरणाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, रस्ते आखले गेले, दिवे आले. कोल्हे एकेक करून कमी झाले. मग एका हिवाळ्यात भिमाजीच्या ध्यानात आलं, की आपण गेले कित्येक दिवस दाराशी उभे राहतोय आणि काहीच ऐकू येत नाहीये. तरीही त्याने शिफ्ट बदलली नाही. सवय झाली होती. सकाळी सातचा भोंगा वाजला की त्याचे डोळे असे मिटायचे, जणू कुणी बटण दाबलं. चालत घरी येईपर्यंत तो अर्धा झोपेत असायचा. मुलं शाळेत निघालेली असायची, त्यांनी नमस्कार केला की हा भलत्याच मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा.

गावाकडे मात्र तो गेला नाही. गाव जंगलालगतच्या जागेवरून उठून रस्त्याकडेला गेलं होतं, बाप वारला होता, भाऊ बल्लारपूरला कामाला होता. रजेत जायचं ते बल्लारपूरला, भावाच्या दोन खोल्यांत. तिथून जंगल काही तासांवर. पण कुणी काही कारणाशिवाय जंगलात जातं का? आपलंच होतं ते, तिकीट काढून काय बघायचं?

एक्याऐंशी साल उजाडलं. दर मेमध्ये कंपनी आठवडाभर बंद राहायची. यंत्रांची दुरुस्ती व्हायची, आणि वर्षातून तेवढ्या एका आठवड्यापुरती भट्टी थंड पडायची. त्याच आठवड्यात करमणूक समितीची सहल निघायची. कुठे जायचं हे सगळ्या पाळ्यांची माणसं कँटीनमध्ये एकत्र बोलावून, हात वर करून ठरायचं. त्या वर्षी समितीचा सेक्रेटरी होता ज्योतीराम, बीडकडचा, उत्साहाने उकळणारा माणूस. तो टेबलावर चढला आणि म्हणाला, "महाबळेश्वर तीनदा झालं, अलिबाग चारदा. यंदा आपण ताडोबाला जाऊ! पंधरा वर्षं ऐकतोय राव, एकदा डोळ्यांनी बघू!"

टाळ्या पडल्या. दौलतराव मात्र उठून उभा राहिला.

"माझा साडू चंद्रपूरला हाय. गेल्या साली गेला हुता तिथं. म्हनला, काय ऱ्हायलं न्हाई आता. नागपूरच्या गाड्या लागत्यात, लगीनघरची वऱ्हाडं जेवाय येत्यात, तळ्यावर टांझिस्टर वाजतोय. वाघ कवाच पळालं. आता नुसती माकडं, ती बी चिवडा खाऊन माजल्याली. सातशे किलोमीटर जाऊन माकडं बघायची, तर ती आपल्या असेंब्ली खात्यात काय कमी हायेत?"

असेंब्ली खात्याने त्याला चपलेची टाच दाखवली. हशा झाला. ज्योतीराम गांगरला. मग कुणीतरी म्हणालं, "आरे, इकडंतिकडं कशाला? ताडोबालाच विचारा ना. सांग ताडोबा, अजून जाण्यासारखं आहे का तिथं?"

दीडशे माना वळल्या.

भिमाजीच्या हातात चहाचा कप होता. 'आता काही उरलं नाही' असं म्हटलं असतं, तर बस महाबळेश्वरला गेली असती आणि त्याचा वाघ कँटीनमध्ये सुखाने वाढत राहिला असता. नेमकं तेच म्हणायचं त्याच्या मनात होतं. पण ते शब्द ओठाशी आले आणि त्याला वाटलं, आपण आपल्याच माणसाला मेला म्हणून सांगतोय.

"आहे," तो म्हणाला. "जायलेच पायजे."

हात वर झाले. दौलतरावनेही केला, तोंड वाकडं करून.

त्या दिवशी संध्याकाळी कस्तुरा भाकऱ्या थापत होती. भिमाजी चुलीपाशी येऊन बसला आणि बराच वेळ काटक्या मोडत राहिला.

"मी वाघ पायलाच नाई," तो म्हणाला.

कस्तुराचा हात थांबला. "काय?"

"तळ्यावर होतो. वाघ आला होता. भावानं पायला, बापानं पायला. पण मी लहान. ओरडीन म्हून बापानं माझ्या मानेवर हात ठेवला अन् तोंड गवतात दाबलं. मले मुंग्या दिसल्या. बापाची टाच दिसली. वाघ पाणी पेऊन गेला, मंग बापानं हात काढला."

"अन् पंधरा वर्षं..."

"भावानं सांगितलेलं सांगून रायलो."

कस्तुरा आधी रागावली. तिने चाळीतल्या किती बायकांना तो वाघ ऐकवला होता, शेपटीसकट! मग तिच्या डोळ्यांपुढे गवतात तोंड दाबलेला पोरगा आला आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तव्यावरची भाकरी करपली.

"मंग आता पाहून घ्या ना जी," ती म्हणाली. "एकदा पायला की झालं. मंग जे सांगितलं ते सगळं खरं."

भिमाजीला ते इतकं पटलं, की पुढचे दोन महिने तो सुट्टीपर्यंतचे दिवस मोजत राहिला. एकदा. फक्त एकदा. वाघ लहान असला तरी चालेल, लांबून दिसला तरी चालेल. आपल्या डोळ्यांना तो भेटला पाहिजे.

एसटीची गाडी ठरली. चाळीस माणसं, त्यात निम्म्या बायका, धपाट्यांचे डबे, पाण्याच्या कळश्या. नगर, जालना, वाशीम करत दुसऱ्या दिवशी यवतमाळ आलं तेव्हा गाडीचे पत्रे हात लावू देत नव्हते. दौलतरावची बायको दुर्गाबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली होती. "भिमाजीभावजी," ती म्हणाली, "ह्या उन्हात वाघ न्हाई, वाघाची भाजी दिसंल." भिमाजी हसला. त्याला ऊन लागतच नव्हतं. वाटेत मोहाची झाडं सुरू झाली तेव्हापासून तो खिडकीबाहेर अर्धा लोंबत होता.

आणि मग ते पोचले, आणि दौलतरावच्या साडूचा प्रत्येक शब्द खरा निघाला. फाटकाशी गाड्यांची रांग. तळ्याकाठी पत्रावळी. एक कुटुंब सतरंजी टाकून पत्ते खेळत होतं, आणि खरोखरच एक ट्रान्झिस्टर क्रिकेटचं समालोचन करत होता. दुर्गाबाईने डबा उघडला मात्र, झाडावरून एक लालतोंड्या खाली आला, त्याने तीन धपाटी उचलली, चौथं हुंगून परत ठेवलं.

"मीठ कमी पडलंया," दौलतराव बायकोला म्हणाला. पुढचे चार तास ती त्याच्याशी बोलली नाही.

संध्याकाळी वनखात्याच्या बसमधून पहिली फेरी झाली. चितळं दिसली, गव्यांचा कळप दिसला, धूळ तर पोटभर मिळाली. वाघ नाही. दौलतराव दर वळणावर उठून विचारायचा, "ताडोबा, ती शेपटी दिसली का रं? शेपटी लांब हाय म्हनं, आधी तीच दिसाया पायजे!" गाडी हसायची. भिमाजीही हसत होता, पण त्याची नजर गवतावरून हटत नव्हती.

फेरी संपल्यावर अजून उजेड होता. भिमाजी कस्तुराला घेऊन तळ्याच्या काठाने चालत गेला. एका वाकड्या अर्जुनाच्या झाडापाशी थांबला, चार पावलं मागे आला, दोन पावलं बाजूला सरकला.

"इथं," तो म्हणाला.

तिथे आता सिमेंटचा बाक होता. बाकावर कुणीतरी खिळ्याने आपलं आणि दुसऱ्या कुणाचं नाव कोरलं होतं. गवत नव्हतं. मुंग्या मात्र होत्या, बाकाच्या पायाशी, बिळाच्या तोंडाशी माती उपसत. भिमाजी वाकून त्यांच्याकडे बघत राहिला. समोर तळं होतं तसंच होतं, काठाशी हिरवट, मध्ये शांत. ट्रान्झिस्टरचा आवाज पाण्यावरून तरंगत येत होता, आणि तरीही त्या आवाजाच्या खाली ते जुनं काहीतरी होतं. पाण्याचा वास, वाळल्या बांबूंचा करकर आवाज, लांब कुठेतरी चितळाची एक हाक. लहानपणी अंगणात खाटेवर पडून तो ऐकायचा, अगदी तसंच.

"लयच बदललं का जी?" कस्तुराने विचारलं.

"बदललं." त्याने मुंग्यांच्या वाटेतली एक काडी बाजूला केली. "पण आपलंच आहे अजून."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वनखात्याची बस निघणार होती. ती शेवटची फेरी. त्यानंतर दुपारी एसटी परत फिरणार. बाकीचे डोळे चोळत आले. भिमाजी मात्र सगळ्यांत ताजा. तो रात्रभर झोपलाच नव्हता. त्याच्या अंगाला रात्री झोपायचं ठाऊकच नव्हतं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तो बसून राहिला होता, आणि त्याला कोल्हे ऐकू आले होते. सहा-सात वर्षांनी. त्या आनंदात त्याने पहाटे सगळ्यांसाठी चहाही सांगून ठेवला.

तो कस्तुराबरोबर अगदी मागच्या बाकावर बसला. गाडी निघाली. साडेपाच, सहा, साडेसहा. तो बायकोला झाडं दाखवत होता. हे बेहडा, हे धावडा, इथे बाप बसायचा, इथे भावाला विंचू चावला होता. बोलता बोलता ऊन झाडांतून आडवं आलं. गाडी मंद चालत होती. आणि सातच्या सुमाराला, इथून सातशे किलोमीटरवर, बंद कंपनीच्या न वाजणाऱ्या भोंग्याने भिमाजीच्या अंगातलं ते बटण दाबलं.

तो जागा झाला तो आरडाओरड्याने. गाडी चालू होती. सगळे उभे होते. ज्योतीराम बाकांवरून उड्या मारत मागे आला आणि त्याने भिमाजीच्या गळ्यालाच मिठी मारली.

"मानलं राव! मानलं तुला! पंधरा वर्षं लोक थट्टा करत होते!"

पुढून दौलतराव आला. त्याच्या तोंडावर थट्टेचा लवलेश नव्हता. त्याने भिमाजीचा हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. "ताडोबा," तो म्हणाला, "तुझा शबुद खरा रं. माझं चुकलं." दुर्गाबाई त्याच्या मागून डोळे पुसत होती.

भिमाजीने कस्तुराकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली नाही, आणि त्यावरून त्याला सगळं कळलं.

वाघ आला तेव्हा सगळे डाव्या बाजूच्या खिडक्यांना लागलेले, पाठी करून. मागच्या बाकावरचा माणूस झोपलाय हे कुणाला दिसणार?

परत आल्यावर तो थेट त्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसला. कस्तुरा पाठोपाठ आली. भिमाजी बाकावर कोरलेली नावं बोटाने चाचपत होता.

"उठवलं काऊन नाई?"

"चिमटा घेतला जी. दोनदा. तुमी म्हनाले, पाळीचा चार्ज देऊन झाला आहे, आता मले नका बोलावू. अन् मान टाकली. डोकं खिडकीच्या गजावर आपटून रायलं होतं. जंगलाचा गार्ड म्हने कोणी हालू नका, आवाज करू नका. मंग मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला, आपटू नये म्हून."

"कोणता हात?"

कस्तुराला प्रश्न कळला नाही, पण तिने उजवा हात पुढे केला.

भिमाजीने त्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर तव्याचा जुना चटका होता. "बापाचाबी उजवाच होता," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं. कस्तुरा हसली नाही. तिने तोच हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"सांग," तो म्हणाला.

"काय?"

"कसा होता?"

कस्तुराने आठवलं. घाई केली नाही. "पाणी पेत होता. डोये मिटून. आपली गाय पेते ना, तसा. लपलप लपलप. कानावर माशी बसली तं कान हालवला. डावा कान फाटका होता थोडासा."

"डरकाळी?"

"डरकाळी कायची! नाई जी. पेऊन झालं अन् आमच्याकडं पायलं. दुपारी पावना दारात आला की घरचा म्हातारा पायते ना, आता कायले आला म्हून, तसं. मंग गेला. मोठा नवता. पाठीचं हाड दिसून रायलं होतं."

भिमाजीने पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. एसटी सुटायच्या आत त्याने तिच्याकडून तो वाघ चार वेळा ऐकला, आणि दर वेळी तो तेवढाच राहिला. ना वाढला, ना ओरडला.

कंपनी सुरू झाली आणि कँटीनमध्ये युद्ध पेटलं. ज्योतीरामच्या मते ती वाघीण होती. दौलतरावच्या मते वाघ पाण्यातून चालत गाडीकडे दहा पावलं आला होता. दुर्गाबाईने तर मोशीभर दोन बछडी करून ठेवली होती. पाच-सहा दिवस भांडण चाललं, आणि मग सगळे भिमाजीकडे आले. तो जाणकार. त्याने दोन वाघ बघितलेत. त्याने निकाल द्यावा.

भिमाजीने कप खाली ठेवला. "डोये मिटून पाणी पेत होता," तो म्हणाला. "डावा कान फाटका होता."

मग दौलतराव टेबलावर हात आपटून म्हणाला, "व्हय की! कान फाटका हुता! मी म्हनत न्हवतो?" तो म्हणत नव्हता. पण त्या दिवसापासून चाळीसही जणांना फाटका कान आठवू लागला. भिमाजी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. या सगळ्यांना दिसला होता. दिसूनही ते त्याच्याकडून ऐकत होते.

त्याची गोष्ट मात्र उतरणीला लागली. डरकाळी गेली, शेपटी आखडली, वाघ पुन्हा गोऱ्ह्याएवढा झाला आणि त्याच्या पाठीचं हाड दिसू लागलं. नवी पोरं ऐकून उठून जायची. जुने म्हणायचे, ताडोबा म्हातारा झाला.

जूनमध्ये त्याने फोरमनकडे अर्ज दिला. थर्ड शिफ्ट नको. फर्स्ट शिफ्ट पाहिजे, सकाळी सातची. फोरमनने चष्मा वर केला. सोळा वर्षं मागून घेतलेली शिफ्ट हा माणूस सोडतोय! तब्येत बरी नाही का? घरी काही? भिमाजी म्हणाला, "नाई साहेब. सकाळी सातला जागं राहायची सवय करायची आहे."

पहिले काही आठवडे वाईट गेले. साताच्या भोंग्याला तो भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलायचा. कस्तुराने जुन्या पदराच्या तुकड्यात बांधून दिलेली सुंठ तो चघळायचा. चाळीत गडबड उडाली, कारण तो आता दिवसा घरी नसायचा, आणि बायकांनी तर्क लावले. कस्तुराने नळावर घागर तेवढी पुढे रेटली.

दसरा झाला त्या सुमाराला एक दिवस दौलतराव आणि तो पावणेसातला फाटकाशी भेटले. भिमाजीचे डोळे टक्क उघडे होते.

"काय रं ताडोबा, आता भोंग्याला झोपत न्हाईस?"

"नाई." भिमाजी थांबला. "दौलतराव, मेमध्ये परत जाऊ ना तिकडं."

"परत? आरं, आता काय ऱ्हायलंय तिथं? गर्दी, धूळ, माकडं. वाघ तर बघितला की आपन!"

भिमाजीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. आजवर जे फक्त चुलीपाशी बोललं गेलं होतं, ते त्याने फाटकात, उजेडात, मोठ्याने सांगितलं.

"माझा रायला आहे. मी पायलाच नाई. ना तेव्हा, ना आता."

दौलतरावने भिमाजीच्या पाठीवर अशी थाप मारली की तोंडातली सुंठ बाहेर पडली. "आरं तिच्या! दोन दोन वाघ पचवून वर म्हनतोय मी बघितलाच न्हाई! लई बेरकी झालास रं!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते वाक्य मशीन शॉपमध्ये पोचलं, संध्याकाळपर्यंत मोशीला. सगळे पोट धरून हसले, आणि ताडोबा अजून म्हातारा झाला नाही असं सर्वानुमते ठरलं.

त्या सकाळी फाटकात भिमाजीने पडलेली सुंठ उचलली, पुसून तोंडात टाकली. तो आत शिरला, भट्टीपाशी जाऊन उभा राहिला, आणि साताचा भोंगा सुरू होऊन संपेपर्यंत त्याने पापणी हलू दिली नाही.